रुग्णाचा वाटाड्या

(देवस्थानच्या अग्रशाळेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वैद्य नव्हे; सारी हयात कारकुनीत घालविलेला मनुष्य. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करतो, ते एवढ्याचसाठी की, पुष्कळ रुग्ण औषध नसल्यामुळे नव्हे, तर औषधापर्यंतची वाट न उमगल्यामुळे मागे राहतात. ही वाट कागदांची, खिडक्यांची आणि तारखांची आहे. ती दाखविण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही.

न्यूयॉर्कमधील हार्लेम ही त्या काळी प्रामुख्याने गरीब कृष्णवर्णीयांची वस्ती होती. तेथील इस्पितळात १९६४ ते १९८६ या काळात स्तनाच्या कर्करोगाचे जे ६०६ रुग्ण आले, त्यांपैकी जवळजवळ निम्मे रोग बळावल्यावरच आले होते. पाच वर्षांनंतर ३९ टक्केच हयात होते. हे पाहून शस्त्रवैद्य डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन यांनी १९९० मध्ये रुग्णांच्या सोबतीस वाटाडे नेमले. संशय उत्पन्न झाल्यापासून उपचार पुरा होईपर्यंत रुग्ण मध्येच गळू नये, हे त्यांचे काम. विम्याचे कागद, चुकलेली तारीख, प्रवासाची अडचण, मनातील भीती, जे आड येईल ते दूर करावयाचे. १९९५ ते २००० मधील रुग्णांत तेच प्रमाण ७० टक्क्यांवर गेले. त्यात मोफत व अल्प खर्चाच्या तपासणीचाही वाटा होता, हे नमूद केले पाहिजे.

आपल्या गोमंतकातही याच्या जवळचा प्रयोग झाला आहे. ‘संगात’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत, वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्या परंतु प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकरवी खिन्नता व चिंताविकाराच्या रुग्णांना साहाय्य दिले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सरकारी केंद्रांतील निदान निश्चित झालेल्या रुग्णांपैकी सहा महिन्यांनी ६५.९ टक्के बरे झाले. असे साहाय्य नसलेल्या केंद्रांत ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. म्हणजे सोबतीची खरी गरज कोणाला, हेही यातून कळते.

आज आपल्या वाड्यावाड्यांवर मुले परदेशी गेलेली वृद्ध माणसे एकटी राहतात. आरोग्य केंद्रातून बांबोळीच्या इस्पितळात जाण्यास चिठ्ठी मिळते. पुढे कोणत्या विभागात जावे, कोणता कागद न्यावा, हे सांगणारे कोणी नसते. चिठ्ठी उशाखाली राहते आणि रोग वाढतो.

म्हणून माझी नम्र सूचना आहे की, आपल्यातील निवृत्त मंडळींनी आठवड्यातून एक सकाळ या कामास द्यावी. नियम चारच असावेत. औषधाविषयी सल्ला देऊ नये. रुग्णाची गोष्ट इस्पितळाबाहेर बोलू नये. मोबदला घेऊ नये. आणि आलेला मनुष्य महाजन की कुळावी, आपला की परका, हे विचारू नये. हा चौथा नियम पाळणे आपणांस सर्वांत जड जाईल. परंतु तो मोडला, तर ज्याला सर्वांत अधिक गरज आहे तोच दाराबाहेर राहील.

कचेरीत जन्मभर आपण इतरांचे कागद पुढे सरकविले. तीच विद्या आता एखाद्याच्या प्राणासाठी कामी येईल.