पुस्तकांच्या कपाटाची किल्ली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



उखाणा घेण्यापलीकडे चारचौघींत तोंड उघडायची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत. मुरबाडकडच्या आमच्या गावात शाळा तेवढीच होती. पुढची शाळा लांब, आणि मुलीला एवढ्या लांब कोण पाठवतो? तेव्हा चिटणीसबाई जेव्हा म्हणाल्या, की "वाचनालयाच्या कामावर यंदा तुम्ही बोलायचे," तेव्हा मी सरळ नाही म्हटले. त्या म्हणाल्या, "सहा वर्षे कपाटाची किल्ली तुमच्या कमरेला आहे, मग दुसरे कोण बोलणार?" किल्ली कमरेला असली म्हणजे कपाटातले सगळे डोक्यात शिरते असे थोडेच आहे? पण मला एक गोष्ट तुमच्यापुढे कबूल करायची होती. ती घरोघर जाऊन सांगण्यापेक्षा एकदाच इथे सांगितलेली बरी, म्हणून उभी राहिले.

आधी मी वाचायला कशी लागले ते सांगते. लग्न होऊन डोंबिवलीला आले तेव्हा घरात वर्तमानपत्र यायचे, आणि ते डब्याखाली घालण्याआधी मी वाचून काढीत असे. एवढेच वाचन. मुलगी चौथीत गेली त्या सुटीत तिला घेऊन एका वाचनालयात गेले. कोणत्या गावचे, कोणते, ते विचारू नका. खिडकीवर जे गृहस्थ होते त्यांनी मुलीला गोष्टींचे पुस्तक दिले आणि मला विचारले, "तुम्हाला कोणते?" मी म्हटले, "चांगलेसे द्या एखादे." ते म्हणाले, "नाव सांगा, लेखक सांगा, निदान नंबर सांगा." मागे रांग लागलेली. मला एकही नाव आठवेना. आठवणार कुठून, माहीत असेल तर ना! "काही नको" म्हणून मी मागे फिरले, आणि त्यानंतर दोन वर्षे त्या पायऱ्या चढले नाही. मुलगी एकटी जाऊन येई.

पुढे दुसऱ्या एका वाचनालयात, तेही मुलीमुळेच, एक ताई भेटल्या. त्यांनी नाव विचारले नाही, नंबर विचारला नाही. टेबलामागून उठून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "लहानपणी घरी काय ऐकत होतात?" मी म्हटले, आजी दळताना ओव्या म्हणायची, श्रावणात कहाण्या सांगायची. त्या आत गेल्या आणि बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांचे पुस्तक घेऊन आल्या. म्हणाल्या, "या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. गाणी मुलाने आणि नात्यातल्या माणसाने लिहून ठेवली. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली पुस्तक निघाले." जिला अक्षर येत नव्हते तिचे पुस्तक मी अक्षर येऊन वाचले नव्हते! ते संपवल्यावर त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे हातात ठेवली. लक्ष्मीबाईही लग्नानंतर शिकलेल्या. त्या पुस्तकाने मला इतके हसवले आणि रडवले, की एकदा कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि डाळ करपली.

मला तेव्हा वाटले, या ताई स्वभावानेच गोड असतील. पुढे ओळख वाढली तेव्हा कळले, की गोडवा त्यांचा, पण कसब शिकलेले. नोकरी सांभाळून त्यांनी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली होती. आलेल्या माणसाला नाव न विचारता त्याच्या मनातले पुस्तक काढायचे, हे त्या विद्येतच आहे. आपण मात्र म्हणतो, की वाचनालयातल्या बाईला काय काम, दिवसभर खुर्चीत बसून शिक्के मारायचे! मीही म्हणत असे.

या विद्येचे आपल्याकडचे मोठे गुरू म्हणजे डॉ. रंगनाथन. ते मद्रासला कॉलेजात गणित शिकवीत. १९२४ साली विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि थोड्याच दिवसांत कंटाळून म्हणू लागले, की मला परत शिकवायला घ्या. त्यांना लंडनला पाठवले गेले. तिथली वाचनालये पाहून आले आणि जन्मभर त्याच कामाचे झाले. १९३१ साली त्यांनी पाच नियमांचे पुस्तक लिहिले. ताईंनी मला ते नियम सांगितले ते असे: पुस्तके वापरण्यासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवावा, आणि वाचनालय वाढत राहणारी गोष्ट आहे. पहिला नियम ऐकून मी हसले. कारण आपल्या कपाटातली नवी पुस्तके मी कोरी राहावीत म्हणून मागच्या फळीवर ठेवीत असे, पाहुण्यांच्या कपबशांसारखी.

आता ती कबुली.

मागच्या वर्षी पावसाळ्यात, एका गुरुवारी दुपारी, कपाट उघडून मी बसले होते. आपल्या इमारतीत तीन घरी धुणीभांडी करणारी एक बाई दाराशी येऊन उभी राहिली. रुळांपलीकडच्या चाळीत राहते. मला वाटले, कोणाचा निरोप असेल. ती म्हणाली, "बाई, मला एक पुस्तक मिळंल का? पाचवीपर्यंत शिकले मी. पोरगी झोपल्यावर वाचीन." आणि मी काय म्हटले असेन? "अगं, पुस्तके मंडळाच्या सभासदांनाच देतात. नियम आहे." ती "बरं" म्हणाली आणि जिना उतरून गेली. नाव विचारले नाही तिने पुस्तकाचे, आणि मीही विचारले नाही, की तुला काय वाचायला आवडेल.

रात्री अंथरुणावर पडल्यावर ती खिडकी, ती रांग आणि ते गृहस्थ आठवले. त्या गृहस्थांच्या जागी आता मी बसले होते. त्यांच्यामागे निदान संस्थेचा धाक असेल. माझ्यामागे तर एक किल्ली होती.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या नावावर पुस्तक काढून तिला दिले. पण माझ्या नावावर किती दिवस देणार? म्हणून कमिटीत विषय काढला. तिथे काय काय बोलणे झाले ते हजर असलेल्यांना ठाऊक आहे. पुस्तके परत येणार नाहीत, डाग पडतील, अनामत घ्या, अनामत शंभर रुपये तरी ठेवा. मी घरी येऊन सहा वर्षांची वही काढली. या सहा वर्षांत आपली चार पुस्तके हरवली. चारही नेणाऱ्या सभासद होत्या, आणि मी त्यांची नावे इथे घेणार नाही, कारण त्यांतल्या दोघी पुढच्या रांगेत बसल्या आहेत. (हशा)

भगिनींनो, वाचनालय हे आपल्या भागाला नवे नाही. कल्याणला रेल्वे १८५४ साली पोचली आणि दहा वर्षांत, १८६४ साली, तिथे सार्वजनिक वाचनालय निघाले. ठाण्याला १८९३ साली विनायक लक्ष्मण भावे यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय काढले, ते खास मराठी पुस्तकांसाठी. दोन्ही अजून चालू आहेत. महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्यात वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात आणि वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान मिळते. त्या अनुदानातूनच बहुतेक ठिकाणी काम करणाऱ्यांचा पगार निघतो, आणि तो किती तुटपुंजा असतो, हे ताईंच्या घरचा संसार पाहून मला कळले. सणाला मेंदी काढणाऱ्या मुलीला आपण घासाघीस न करता पैसे देतो. वाचनालयाची वर्गणी दहा रुपयांनी वाढली, की सभेत तास जातो.

आणि दाराशी न येणाऱ्या वाचकांकडे जाणेही नवे नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणले, खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या, आणि ते काम करणारी माणसे शिकून तयार व्हावीत म्हणून वर्गही चालवले. आपल्या नाशिकला २००९ पासून 'ग्रंथ तुमच्या दारी' म्हणून पेट्या फिरतात. राजाला जमले ते आपल्याला जमेल असे मी म्हणत नाही, पण रूळ ओलांडून एक पिशवी नेणे जमायला हरकत नाही. गेले आठ महिने मी नेते. चाळीतल्या अकरा जणी घेतात. एकीला वाचता येत नाही, ती शेजारणीकडून वाचून घेते आणि पुस्तक मात्र स्वतःच्या नावावर मागते. मी देते.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचेही सांगते. त्यांची दृष्टी काचबिंदूने गेली. पूर्वी आठवड्याला दोन पुस्तके वाचणारी बाई! मी ताईंना विचारले, अंधांची पुस्तके असतात ना, ती ठिपक्यांची? त्या म्हणाल्या, असतात. मराठीत तर 'स्पर्शज्ञान' नावाचे ब्रेलमधले पाक्षिकही २००८ साली निघाले. पण उतारवयात नजर गेलेल्या माणसाच्या बोटांना ठिपके शिकणे सोपे नसते. त्यांच्यासाठी बोलकी पुस्तके. पुस्तकाची अशी प्रत अंध माणसासाठी केली तर लेखकाच्या हक्काचा भंग होत नाही, अशी दुरुस्ती आपल्या कायद्यात २०१२ साली झाली, आणि २०१६ साली सरकारने 'सुगम्य पुस्तकालय' या नावाने अशा पुस्तकांचा संग्रह संगणकावर सुरू केला. हे सगळे मला कोण सांगणार होते? शिकलेली ग्रंथपाल होती म्हणून कळले. काकूंना मात्र यंत्राचा आवाज रुचला नाही. म्हणाल्या, "त्यात माणूस नाही गं." मग मंगळवारी मी आणि शनिवारी माझी मुलगी अर्धा तास वाचून दाखवतो. चूक वाचले की काकू थांबवतात. माझे जोडाक्षर सुधारले ते त्यांच्यामुळे.

ताईंनी मला थोडे थोडे काम शिकवले आहे. दाखल नोंदवही कशी ठेवायची, पाठीवर चिठ्ठी कशी लावायची, वर्गांक कसा शोधायचा. अमेरिकेत ड्युई नावाच्या गृहस्थांनी १८७६ साली ही आकड्यांची पद्धत काढली. स्वयंपाकाचे पुस्तक ६४१.५. ते मला एका दिवसात पाठ झाले! पण मराठी साहित्य शोधायला गेले तर ते ८९१.४६ मध्ये, ठिपक्याच्या पलीकडे, माजघरात जागा द्यावी तसे. इंग्रजी साहित्याला मात्र अख्खे ८२०. मी ताईंना म्हटले, "हा माणूस आपल्याकडे कधी आला नसावा." त्याच ड्युईंनी १८८७ साली न्यूयॉर्कला ग्रंथपालांची शाळा काढली. पहिल्या वीस जणांत सतरा बायका होत्या. कॉलेजच्या चालकांना बायका नको होत्या, वर्गाला खोली मिळेना, तेव्हा एका अडगळीच्या जागेत वर्ग भरला. हे ऐकून मला फार बरे वाटले. पुढे त्याच ड्युईंना बायकांशी केलेल्या गैरवर्तनामुळे १९०६ च्या सुमारास त्यांच्याच संघटनेतून दूर व्हावे लागले, हेही ताईंनी सांगितले. ते ऐकून वाईट वाटले, पण आश्चर्य नाही.

आपल्याकडे ग्रंथालयाच्या कामाचा प्रमाणपत्राचा वर्ग असतो. जिल्हा ग्रंथालय संघ तो चालवतात. त्याला दहावी पास लागते. माझी गाडी तिथे अडली. मुलगी म्हणाली, "आई, बाहेरून दहावीला बसता येते, सतरा नंबरचा अर्ज भरायचा." मी हसण्यावारी नेले. मग एकदा चौकशी केली, तर खरेच, सातवी झालेल्या बाईलाही तो भरता येतो. घरच्यांनी नाही म्हटले नाही, हो पण म्हटले नाही. यजमान म्हणाले, "गणिताचे बघ बाई तू." गणिताचीच मला धास्ती आहे. पण भिशीचा हिशेब सहा वर्षे बिनचूक ठेवला आहे, तेव्हा बघू.

कमिटीपुढे माझ्या दोन विनंत्या लेखी दिल्या आहेत. पहिली, आपल्या भागात राहणाऱ्या किंवा काम करणाऱ्या कोणत्याही बाईला अनामत न घेता एका वेळी एक पुस्तक द्यावे. पुस्तक हरवले तर वर्षाला दोन पुस्तकांची भरपाई मी करीन. दुसरी, आपल्यापैकी एखादी दहावी झालेली मुलगी किंवा सून त्या वर्गाला पाठवावी आणि तिची फी मंडळाने भरावी. मी पास होईपर्यंत थांबू नये. पुढच्या महिन्याच्या सभेत मत होईल. ज्यांचे मत विरुद्ध आहे त्यांनी एखाद्या गुरुवारी तीन ते पाच या वेळात माझ्या शेजारी येऊन बसावे, चहा मी करीन.

जाता जाता एक. आपली स्मृतिचित्रे दिवाळीच्या आधीपासून बाहेर आहेत. नेणारीचे नाव वहीत आहे. पाचवी शिकलेल्या त्या बाईने दोनदा विचारले, "आलं का?" कृपा करून येत्या गुरुवारी आणून द्यावे.