आमची फिरती खोली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषण करण्याचा मला सराव नाही. गेल्या वर्षी हळदीकुंकवाला दोघीतिघींनी आमच्या गाडीत डोकावून पाहिले, आणि तेव्हापासून चिटणीसबाईंनी माझ्यामागे टुमणे लावले की ‘हे सगळे एकदा सभेत सांगा’. म्हणून उभी राहिले आहे. बोलण्यात कमीजास्त झाले तर सांभाळून घ्यावे.

आमची गाडी तुम्हां सर्वांच्या पाहण्यातली आहे. तेरा सीटची ट्रॅव्हलर, २०१२ सालची. आमच्या ह्यांनी ती २०१६ साली पनवेलला दुसऱ्या हाताची घेतली. दिघी, बोर्ली, म्हसळा, माणगाव असे भाडे मारायचे, आणि सुट्टीच्या दिवसांत जंजिऱ्याला येणारे पाहुणे दिवेआगर-हरिहरेश्वरला न्यायचे. घर त्या गाडीवर चालत होते. मग २०२० साल आले. आधी टाळेबंदी, आणि ३ जूनला निसर्ग वादळ. त्या दिवसाचे मी तुम्हांला काय सांगू! आमच्या घराचे पत्रे उडाले, सुपारीची सत्तर झाडे आडवी झाली. गाडी मात्र भिंतीच्या आडोशाला होती म्हणून वाचली. त्यानंतर अकरा रात्री आम्ही चौघे त्या गाडीतच झोपलो. सासूबाई मागच्या लांब सीटवर, मी आणि मुलगा मधल्या वाटेत, आणि हे स्टिअरिंगवर डोके ठेवून. गाडीत माणूस राहू शकतो हे आम्हांला असे कळले.

पुढे भाडे पूर्वीसारखे मिळेना. ह्यांनी बंदरावर गाडी चालवायची नोकरी धरली आणि ट्रॅव्हलर विकायची बोलणी सुरू झाली. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “विकायच्या आधी मला एकदा नर्मदामाईला फिरवून आणा.”

त्यांचे वय तेव्हा एकाहत्तर. दोन्ही गुडघे गेलेले. पूर्वी एकदा त्या यात्रेच्या बसने निघाल्या होत्या, त्या नाशकाहूनच परत आल्या. कारण काय, ते त्यांनी घरात कोणाला सांगितले नाही. मला मात्र पुष्कळ दिवसांनी सांगितले. त्यांना दर दीड-दोन तासांनी जावे लागते. बस थांबवा म्हणायची लाज, थांबली तर उतरायला गुडघे साथ देत नाहीत, आणि उतरल्या तरी आडोसा नाही. शेवटी त्यांनी पाणी पिणेच बंद केले आणि तिसऱ्या दिवशी ताप भरला. इथे बसलेल्या किती जणींनी प्रवासाला निघताना पाणी पिणे टाळले आहे ते मी विचारत नाही. आपापल्या मनाला विचारा.

म्हणून घरात गाडीचा बेत सुरू झाला तेव्हा ह्यांच्या डोक्यात पलंग होता, मुलाच्या डोक्यात दिवे आणि पंखे होते, आणि माझे म्हणणे एकच होते: आधी मोरीचा कोपरा ठरवा, उरलेल्या जागेत बाकीचे बसवा. दोन दिवस घरात अबोला होता, पण मी हटले नाही.

गाडीत राहून हिंडायची ही कल्पना काही नवी नव्हे. जर्मनीत १९५१ सालापासून फोक्सवॅगनच्या गाडीत पलंग, कपाटे बसवून देत असत. इतके लांब कशाला, आपले आजे-पणजे बैलगाडीला चटईचे छप्पर करून हरिहरेश्वराला जात, तेही हेच. आणि आपण ज्याला उठल्यासुटल्या ‘टेम्पो’ म्हणतो ते नावही मुळात जर्मनीतल्या हँबुर्गच्या एका कारखान्याच्या गाडीचे. आपल्या महाराष्ट्र सरकारनेही २०२१ साली अशा राहत्या गाड्यांच्या पर्यटनाचे धोरण जाहीर केले. तेव्हा लोक हसतात म्हणून बिचकायचे कारण नाही.

आमची पहिली चूक आमच्याच उतावळेपणाची. ह्यांनी एका रविवारी पाना घेतला आणि सीटा सोडवायला बसले. खारी हवा, बोल्ट गंजलेले. रात्रभर डिझेल सोडून ठेवले तेव्हा कुठे हलले. चार सीटा बाहेर आल्यावर विम्याचा माणूस काही कामाला आला आणि त्याने विचारले, “परवानगी काढली का?” मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे गाडीच्या मूळ बांधणीत फरक करायचा तर आधी परवानगी लागते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही गोष्ट बजावून सांगितली आहे. परवानगी नसताना गाडी बदलली आणि पुढे अपघात झाला, तर विम्याचे पैसे अडकू शकतात. चार सीटा पुन्हा जागेवर बसवल्या. मग अर्ज, तपासणी, भाड्याच्या गाडीची खाजगी गाडी करणे, पिवळी पाटी जाऊन पांढरी येणे, यांत साडेपाच महिने गेले. कोणी असे काही करणार असाल तर आधी कागद आणि मग पाना, एवढे माझे ऐका.

ते साडेपाच महिने वाया गेले नाहीत. गाडी आतून मोजून मी अंगण सारवले आणि त्यावर रांगोळीने गाडीची जमीन आखली, अगदी तेवढ्याच मापाची. चाकांचे उंचवटे कुठे येतात तेही काढले. मग सासूबाईंना खुर्ची देऊन कोपऱ्यात बसवले, मी पाट मांडून स्वयंपाकाला बसले, आणि ह्यांना म्हटले, “आता दोघींच्या मधून जाऊन दाखवा.” हे माझ्या पाठीला अडखळले. रांगोळी पुसली, ओटा एक वीत मागे सरकवला. असे आठ दिवस चालले. शेजारच्या मुलांना वाटले आम्ही नाटक बसवतो आहोत. पण लाकूड कापल्यावर चुकण्यापेक्षा रांगोळी पुसणे स्वस्त.

कामाला आधी घरांची फर्निचरे करणारा एक सुतार लावला होता. त्याने सुरेख ड्रॉवर केले. पहिल्याच चकरेत आदगावच्या वळणावर सगळे ड्रॉवर उघडले आणि तांदळाचा डबा सासूबाईंच्या पायावर आला. नशीब, डबा अर्धाच होता. मग आमच्या होड्या बांधणाऱ्या सुतारकाकांना बोलावले. ते म्हणाले, “ही जमिनीवरची होडी आहे. होडीत जे बांधलेले नसते ते आपले नसते.” त्यांनी कपाटांची दारे वर उचलून खाली अडकतील अशी केली, फळ्यांना काठ लावले, आणि ओटा, पलंग सगळे गाडीच्या सांगाड्याला आवळले. वजनाचा विचारही त्यांचाच. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. आमचे वीस लिटरचे तीन कॅन म्हणजे साठ किलो, ते डाव्या बाजूला, तर पलीकडे बॅटरी आणि गॅस. गाडी एका अंगाला कलता कामा नये. पूर्वी तेरा माणसे बसत, म्हणजे साडेआठशे किलोच्या आसपास वजन. त्याच्या निम्म्यातच आमचे सगळे सामान आणि आम्ही बसवले.

जमिनीवरचे रबर काढल्यावर खाली गंजाचे नकाशे निघाले. ते घासून, लाल प्रायमर मारून, रंग देऊन मगच वर प्लायवूड टाकले. छताला आणि बाजूंना आत काळा रबरी फोम चिकटवला. मुलगा थर्माकोल घालूया म्हणत होता, स्वस्त पडते म्हणून. पण ते हादऱ्याने करकरते आणि आगीला फार लवकर धरते.

विजेचा हिशेब मुलाने मांडला, तो मला इतका पटला की मी पाठ केला. दोन पंखे पंचवीस वॅटचे, रात्री आठ तास, म्हणजे चारशे. दिवे आणि मोबाईल मिळून आणखी शंभर. दिवसाला पाचशे. दीडशे अँपिअरची बॅटरी अठराशेची, पण ॲसिडची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते, म्हणजे हाताशी नऊशे. छतावर दोनशे वॅटची सौर पाटी, ती चांगल्या उन्हात दिवसभरात खर्चापेक्षा जास्त भरून देते. फ्रीज नाही, मिक्सर नाही. मी खलबत्ता घेतला. हिशेब चोख होता, पण चिरंजीवांनी तार बारीक वापरली. पहिल्या रात्री जळका वास आला. बॅटरीला लागूनच फ्यूज होता तो उडाला म्हणून बरे, नाहीतर मी आज इथे उभी नसते. मग सगळी तार जाड घातली.

गॅसबद्दल बायकांनी विशेष ध्यान द्यावे. आपला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या पेटीच्या तळालाच बाहेर उघडणारे भोक ठेवले. सिलिंडर पाच किलोचा, उभा आणि पट्ट्याने बांधलेला. स्वयंपाक सरकते दार उघडून दारातच करायचा. झोपण्यापूर्वी रेग्युलेटर बंद, आणि कितीही थंडी पडली तरी ऊब म्हणून आत शेगडी पेटवायची नाही. बंद जागेतल्या जाळाने माणसे झोपेतच जातात.

आता तो कोपरा. इस्पितळात असते तशी हातांची खुर्ची, खाली झाकणाची बादली, भोवती दुहेरी पडदा, आणि उठताना धरायला पोलादी नळी थेट सांगाड्याला जोडलेली. बादलीत आधी सुतारकाकांकडचा भुसा, वरून पुन्हा भुसा आणि मूठभर राख. वास येत नाही, हे मी शपथेवर सांगते. लघवीचा डबा वेगळा. बादली धर्मशाळेच्या किंवा पेट्रोलपंपाच्या संडासातच रिकामी करायची, नदीकाठी कदापि नाही. शिवाय दाराशी घडीची लाकडी पायरी, कारण गाडीची पहिली पायरीच सासूबाईंना डोंगर होती. या सगळ्या कोपऱ्याला सात हजारही लागले नाहीत. एकूण खर्च एक लाख ऐंशी हजार झाला. माझ्या पाटल्या गहाण पडल्या. त्यांतली एक अजून सुटायची आहे.

२०२३च्या कार्तिकी एकादशीनंतर आम्ही निघालो. ह्यांनी बिनपगारी रजा काढली. ओंकारेश्वरला संकल्प केला आणि नदी उजव्या हाताला ठेवून चाललो. नर्मदा १३१२ किलोमीटर लांब, आणि परिक्रमेत ती ओलांडायची नसते. रात्री आश्रमाच्या अंगणात किंवा पंपावर गाडी लावायची, विचारल्याशिवाय कुठेही नाही. महेश्वरला अहिल्याबाईंनी बांधलेल्या घाटावर सासूबाई दीड तास बसून राहिल्या. पाण्याचा तांब्या शेजारी होता आणि त्या मोकळ्या मनाने पाणी पीत होत्या. मला तेवढेच पाहायचे होते. अमरकंटकला थंडी मरणाची. सकाळी उठलो तर खिडक्यांच्या काचा आणि पत्रा आमच्याच श्वासाने ओला होऊन ठिबकत होता. रात्री एक खिडकी बोटभर उघडी ठेवायची हे तिथे शिकलो.

पण मला सांगायचे आहे ते समुद्राचे. हे आमच्या वाटेत महेश्वर-अमरकंटकच्या आधी आले. गुजरातेत विमलेश्वरला दक्षिण काठ संपतो. तिथून परिक्रमावासी नावेत बसून मुखापलीकडे मिठी तलाईला जातात. गाडी रिकामी करून चालकाने पुलावरून भरूचमार्गे फिरवून आणायची. म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला तो कोपरा नेमका तिथे आमच्याबरोबर नाही. भरतीची वाट पाहण्यात रात्र जाते, आणि नाव सुटली की तीन-चार तास. आपल्याला दिघीच्या बायकांना होडीचे भय नाही. पण सासूबाईंनी संध्याकाळपासून पाण्याला तोंड लावले नव्हते. त्यांच्या कपाळाला हात लावला तर मला नाशिक आठवले.

मी ह्यांना म्हटले, “अहो, खुर्चीखालची बादली काढा, भुशाची पिशवी द्या.” आणि माझे एक जुने नऊवारी घेतले. नावेत पन्नासएक माणसे, दाटीवाटीने. मी नाखव्याला, म्हणजे तिथल्या तांडेलाला, मागच्या बाजूचा कोपरा मागितला. त्याने एकदा बादलीकडे पाहिले, एकदा सासूबाईंकडे पाहिले, आणि दोन माणसांना उठवून जागा करून दिली. इंदूरकडच्या दोन अनोळखी बायकांनी लुगड्याची टोके धरली. सासूबाई जाऊन आल्या, आणि मग तांब्याभर पाणी प्यायल्या.

थोड्या वेळाने त्या टोक धरणाऱ्या बाई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, “दीदी, मैं भी जाऊँ?” मग तिसरी आली. एक नवी नवरी होती, तिच्या सासूने तिला पाठवले. मिठी तलाई येईपर्यंत नऊ जणी जाऊन आल्या. भुसा संपला, तेव्हा एकीने शेवटी आपल्या शिध्याच्या शेगडीतली राख काढून दिली. कोणी हसले नाही. पुरुषमंडळी आपणहून तोंड समुद्राकडे करून भजन म्हणत बसली.

आम्ही एकेचाळिसाव्या दिवशी घरी आलो. गाडी विकलेली नाही. आमच्या वाडीत ताडपत्रीखाली उभी आहे. येत्या माघात मंडळातल्या दोघी जणी सासूबाईंबरोबर पंढरपूरला येणार म्हणतात. त्यांची नावे मी इथे घेत नाही, त्यांनी घरी अजून सांगितलेले नाही. बाकी कोणाला गाडी पाहायची असेल तर दुपारी तीननंतर यावे. पायरी जरा अडकते. खालच्या बिजागरीला खोबरेल लावून ओढली की सुटते, आणि किल्ली सासूबाईंकडे असते.