ताल भरायचं यंत्र घेताना

वरातीत काठ्यांनी वाजवतात तो ऑक्टापॅड तुम्ही पाहिलाच असेल. त्याला ८ पॅड असतात, आणि त्यातले बहुतेक आवाज कंपनीनेच भरलेले. पण आपल्या गटाला जात्याची घरघर किंवा कोलामांच्या ढेमशाचा ढोल गाण्यात हवा असेल, तर बाहेरचा आवाज भरून घेणारं यंत्र लागतं. त्याला सॅम्पलर म्हणतात.

रोलँडच्या एसपीडी-एसएक्सला ९ पॅड. ते काठीनं वाजतं, म्हणून कार्यक्रमात सोयीचं आणि शिकायला सोपं. पण त्याला वीज आणि वेगळा स्पीकर, दोन्ही लागतात. अकाईच्या एमपीसी लाइव्ह २ ला १६ पॅड. ते बोटांनी वाजतं. एकावर एक ताल रचून अख्खं गाणं बांधता येतं, पण शिकायला वेळ लागतो. बॅटरी आणि स्पीकर आतच असल्यानं लाईट गेली तरी काम थांबत नाही.

म्हणून बचतीतले पैसे काढण्याआधी ठरवा, स्टेजवर वाजवायचं की घरी बसून गाणं बांधायचं? दुकानात आपला एखादा आवाज भरून, वाजवून बघा. आणि ज्या आजीचं जातं, ज्यांचा ढोल भराल, त्यांना आधी विचारा. तयार झालेलं गाणं पहिल्यांदा त्यांनाच ऐकवा.