अडीच म्हणजे अडीच आहे का?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते आपले जुने सभासद असून वाळूजच्या एका कारखान्यातून गुणवत्ता तपासणी विभागातून निवृत्त झाले आहेत.)



समितीने मला ‘पंचवीस वर्षांच्या आठवणी’ हा विषय दिला होता. त्यावर बोलायला इथे माझ्यापेक्षा चांगले लोक बसलेत. पाण्याचे टँकर, गच्चीवरची कोजागिरी, पार्किंगची भांडणं, ते सगळं त्यांच्याकडून ऐका. मी विषय बदलून मागितला, कारण माझ्याकडे एक अशी आठवण आहे जिची उधारी अजून फिटलेली नाही.

२०१३ साली आपल्याकडे एसीचं वारं आलं. अठरा घरांनी मिळून एसीचे पॉइंट काढायचं ठरवलं, एकच गुत्तेदार लावला, भाव पाडून घेतला. मी तेव्हा समितीवर होतो. कारखान्यात माल तपासणारा माणूस म्हणून वायर बघायचं काम माझ्याकडे आलं. बंडलं आली. मी खोक्यावरचं लेबल वाचलं, आयएसआयचा शिक्का बघितला आणि बिलावर सही केली. कारखान्यात साध्या वॉशरलाही मायक्रोमीटर लावणारा मी, आपल्या सोसायटीत मात्र नुसतं लेबल वाचून आलो.

यंदाच्या मे महिन्यात बी विंगमधल्या एका वहिनींचा फोन आला. “भाऊ, बेडरूममध्ये जळका वास येतोय. पण एमसीबी काही पडलेला नाही.” जाऊन बघितलं तर एसीचं सॉकेट मागून तपकिरी झालेलं. तारेचं वेष्टण इतकं कडक की वाकवलं की तडकत होतं. त्या एकाच तारेवर मधल्या काळात दुसरा एसीही जोडला होता, म्हणजे दोन्ही चालू असताना साधारण सोळा अँपिअर. ते चुकलंच, आणि मी ते वहिनींना तिथेच सांगितलं. पण तार ओढून काढली तेव्हा ती हाताला हलकी लागली. वेष्टणावर अजून स्पष्ट वाचता येत होतं, २.५.

आता हे २.५ म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण इथे बहुतेकांचा घोळ होतो. आपला वायरमन ‘अडीच एमएम’ म्हणतो. ती तारेची जाडी नव्हे. तार आडवी कापली तर तांब्याचा जो काप दिसेल त्याचं क्षेत्रफळ, अडीच चौरस मिलिमीटर. अखंड एकच तार असती तर तिची जाडी पावणेदोन मिलिमीटरच्या जरा वर भरली असती. आपल्या वायरीत ते तांबं बारीक तारांमध्ये वाटलेलं असतं. उदाहरणार्थ ३६ तारा, प्रत्येक ०.३ मिलिमीटर जाड. गुणाकार करा, २.५४ येतं.

जुने मिस्त्री अजून ‘तीन बावीस’, ‘सात वीस’ म्हणतात. सात वीस म्हणजे वीस गेजच्या सात तारा. हा गेज ब्रिटिशांचा, त्यांच्याकडे १८८४ पासून कायदेशीर झालेला. त्यात आकडा वाढला की तार बारीक होते. आपल्या देशाने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आणली, पण मिस्त्रींच्या तोंडातून गेज काही गेला नाही. एकाच भिंतीत एकाने गेजमध्ये मागितलेली आणि दुसऱ्याने एमएममध्ये आणलेली वायर मी पाहिली आहे. असो.

वहिनींच्या तारेचा एक मीटर मी सोलला. तारा मोजल्या, बरोबर ३६. मनात म्हटलं, चला, माझी सही वाचली. मग मायक्रोमीटर लावला. प्रत्येक तार ०.२५.

पाच शतांश मिलिमीटरचा फरक. आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पण क्षेत्रफळ जाडीच्या वर्गाने बदलतं, हे शाळेतलं गणित इथे घात करतं. ०.३ चं ०.२५ केलं की ३६ तारांचं मिळून क्षेत्रफळ २.५४ वरून १.७७ वर येतं. जवळजवळ एक तृतीयांश तांबं गायब, आणि तारा मोजल्या तर आकडा चोख! ०.२५ ची तार हा स्वतःमध्ये दोष नाही बरं का. ५० तारा असत्या तर माल ठीकच होता. संख्या आणि जाडी दोन्ही बघावी लागतात. वेष्टण थोडं जाड ठेवलं की बाहेरून वायर तेवढीच गुबगुबीत दिसते.

खात्री करायला मी तो एक मीटर तांब्याचा पुंजका घेऊन सराफ्यात ओळखीच्या दुकानात गेलो. ते म्हणाले, “काका, तांबं कधीपासून मोडायला लागलात?” काट्यावर १५.७ ग्रॅम भरलं. तांब्याच्या एका घनसेंटिमीटरचं वजन साधारण ८.९ ग्रॅम. अडीच चौरस मिलिमीटरच्या एका मीटरात अडीच घनसेंटिमीटर तांबं, म्हणजे २२ ग्रॅम हवं. दीडच्या वायरीला १३ च्या वर, चारच्या वायरीला साधारण ३६. वहिनींच्या भिंतीत ‘अडीच’ या नावाने जे होतं ते दीडच्याच जवळचं होतं.

इथे मला दुकानदारांची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर उद्या तुम्ही काटा घेऊन भांडायला जाल. आपल्याकडचं मानक तांब्याचं वजन ठरवत नाही, वायरचा विरोध ठरवतं. वीज जायला तार किती अडथळा करते तो विरोध. अडीचच्या मऊ, बहुतारी वायरीला २० अंश तापमानाला किलोमीटरमागे जास्तीत जास्त ७.९८ ओहम चालतो. दीडला १३.३, चारला ४.९५. चांगल्या शुद्ध तांब्यात हा ७.९८ गाठायला अडीचपेक्षा थोडं कमी, साधारण २.१६ चौरस मिलिमीटर तांबंही पुरतं. म्हणून मीटरला १९-२० ग्रॅम भरलं तर लगेच चोर म्हणू नका. सोळा भरलं तर मात्र सोडू नका.

मग नुसत्या वजनावर भागत नाही का? नाही. भंगारातून आलेलं अशुद्ध तांबं वजनाला पूर्ण भरतं, पण विरोध जास्त असतो. उलट, वरून तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार वजनालाच पकडली जाते, ती निम्म्याहून हलकी असते. तिला ब्लेडने खरवडा, आतून पांढरी निघेल.

विरोध मोजायला साधा मल्टिमीटर बंडलाला लावू नका. ९० मीटरच्या अडीचच्या बंडलाचा विरोध फार तर ०.७२ ओहम असायला हवा, आणि स्वस्त मल्टिमीटरच्या दोन दोऱ्याच ०.२-०.३ ओहमच्या असतात. मापणाराच लबाड निघतो. मी करतो ते सांगतो. बारा व्होल्टची गाडीची बॅटरी, हेडलाइटचा बल्ब आणि बंडल एकामागे एक जोडायचं. एका मीटरने प्रवाह बघायचा, दुसऱ्याने फक्त बंडलाच्या दोन टोकांमधला व्होल्टेज. भागाकार केला की विरोध. समजा ४ अँपिअर आणि २.८ व्होल्ट आले, तर ०.७०, पास. बारा व्होल्टचा खेळ आहे, शॉक नाही. तरी बॅटरीची टोकं एकमेकांना चिकटू देऊ नका, आणि घरच्या २३० व्होल्टवर हा प्रयोग कुणीही करू नका.

आपल्या गावच्या उन्हाळ्याचाही हिशेब धरा. तांब्याचा विरोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो. मे महिन्यात ४० अंशाला मोजलं तर ०.७२ च्या जागी ०.७८ दिसेल. तो दोष वायरचा नाही, आपल्या उन्हाचा.

आणि एक गंमत, जिच्यात मी स्वतः जवळपास फसलो. बारीक तारेचा विरोध जास्त, पण बंडलच आखूड असेल तर विरोध कमी. ९० मीटर लिहिलेल्या बंडलात बारीक वायर ७० मीटर भरली, तर पूर्ण बंडलाचा आकडा अगदी बरोबर येऊ शकतो! दोन चोऱ्या एकमेकींना झाकतात. म्हणून आधी दहा मीटर टेपने मोजा, त्या दहा मीटरचा विरोध काढा. मग पूर्ण बंडलाशी ताडून बघा, लांबीही आपोआप कळते.

तुम्ही म्हणाल, भाऊ, मग आयएसआय कशाला? विजेच्या वायरींना हा शिक्का २००३ च्या सरकारी आदेशानुसार सक्तीचा आहे. शिक्क्यावर आयएस ६९४ आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. मोबाइलवर ‘बीआयएस केअर’ नावाचं अ‍ॅप घ्या, त्यात तो क्रमांक टाका. कंपनीचं नाव, माल आणि परवाना चालू आहे की बंद, ते दिसतं. खोक्यावर एक नाव आणि अ‍ॅपवर दुसरं दिसलं, की वजनापर्यंत जायचीही गरज नाही, दुकानातूनच परत फिरा. पण क्रमांक खरा असला तरी खोका खरा आहे हे त्याने सिद्ध होत नाही. दुसऱ्याचा क्रमांक छापायला किती शाई लागते?

वहिनींनी विचारलेला प्रश्न राहिलाच. एमसीबी का पडला नाही? कारण एमसीबी तारेची जाडी ओळखत नाही, तो फक्त प्रवाह बघतो. सोळाचा एमसीबी अठरा अँपिअरवर तासभर पडू नये, असंच त्याच्या मानकात आहे. तेवीसच्या थोडं वर गेलं तर तासाभरात पडायला हवा. त्याने आपलं काम चोख केलं. पलीकडे खरी अडीचची तार आहे, असं धरून तो बसवलेला होता. त्या भिंतीत जाऊन-येऊन चोवीस मीटर वायर होती. सोळा अँपिअरला तिच्यात साठ वॅटच्या आसपास उष्णता तयार होत होती. साठचा बल्ब प्लास्टरमध्ये पुरून रात्रभर पेटता ठेवल्यासारखं. मानकात बसणाऱ्या तारेतही चाळीस-पन्नास वॅट झालेच असते, ते मी लपवत नाही. पण साध्या पीव्हीसी वेष्टणाची मर्यादा ७० अंश, आणि ती पश्चिमेची भिंत संध्याकाळी आधीच तापलेली. त्यावरच्या प्रत्येक जादा अंशाने वेष्टण लवकर म्हातारं होतं. बारा वर्षांत ते तडकण्याइतकं झालं. आग लागली नाही, वहिनींचं नाक चांगलं म्हणून.

जून महिन्यात मी त्या वेळची यादी काढली. अठरा घरं. तो गुत्तेदार आता इथे नाही आणि पावतीवरचं दुकानही बंद झालंय. बिलावर तिसरी सही माझी आहे. समितीसमोर मी हे सगळं सांगितलं. ‘भाऊ, तुम्ही काय करणार, लेबलच खोटं होतं,’ असं काही जण म्हणाले. त्यांचा मोठेपणा. पण मीटरभर वायर कापून वजन करायला मला तेव्हा दहा मिनिटं लागली असती, आणि ती मी दिली नाहीत.

समितीने ठरवल्याप्रमाणे या वेळी वायर आपण स्वतः आणली, बारा बंडलं. प्रत्येकातून एक मीटर कापून ऑफिसमध्ये तोलला, दहा मीटरचा विरोध काढला, आणि मगच पैसे दिले. बारापैकी दोन परत गेली. दुकानदाराने कुरकुर न करता बदलून दिली, त्याचं त्यालाही आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं. आपल्या पंपाची आणि जिन्यातल्या दिव्यांची वायर त्याच वेळी बदलून घेतली.

अठरापैकी अकरा घरांची वायर बदलून झाली. तीन घरांचे मालक पुण्यात आणि परदेशात आहेत, त्यांच्याशी सेक्रेटरी साहेब बोलताहेत. उरलेली चार घरं इथेच, याच सभागृहात बसलेली आहेत. ‘दिवाळीनंतर बघू,’ असं मला चौघांनीही सांगितलंय. दिवाळीत तुमच्याकडे पाहुणे येणार, दोन्ही एसी नसले तरी मायक्रोवेव्ह, माळा, इस्त्री एकदम चालणार, आणि ते त्याच तारेवर. मी येत्या रविवारी सकाळी दहा वाजता वायरमनला घेऊन ए विंगपासून सुरू करतोय. स्टूल आणि चहा तुमचा. काटा, मायक्रोमीटर आणि बॅटरी मी आणतो.