लेगहॉर्न कोंबडी आणि खुडूक कोंबडी

इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावर, तस्कनी प्रांतांत, लिव्होर्नो नांवाचें बंदर आहे. इंग्रजांच्या तोंडीं त्याचें लेगहॉर्न झालें आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तेथून अमेरिकेस गेलेल्या कोंबड्यांस पुढें हेंच नांव चिकटलें. १८७० च्या सुमारास ही जात इंग्लंडांत आली. पांढरीं पिसें, पांढऱ्या कर्णपाळी, पिवळे पाय आणि मादीच्या डोक्यावर एका बाजूस कललेला तांबडा तुरा, ही तिची ओळख होय.

हिचें वजन अवघें दोन किलोंच्या आसपास, आहार माफक. तथापि चांगल्या कुळींतील कोंबडी वर्षाला अडीचशेंहून अधिक अंडीं देते. एक अंडें तयार व्हावयास सुमारें २५ तास लागतात आणि त्यांपैकीं २० तास कवच घडण्यांतच जातात. त्यामुळें अंडें घालण्याची वेळ रोज थोडी पुढें सरकते व कांहीं दिवसांनीं एक खाडा पडतो. हिला दिवसाकाठीं १४ ते १६ तास उजेड आणि कवचासाठीं शिंपल्यांचा चुरा मिळाला पाहिजे. पिसें झडूं लागलीं म्हणजे अंडीं थांबतात. पण तो रोग नसून विसांवा असतो.

गांवठी कोंबडीची रीत निराळी. दहापंधरा अंडीं झालीं कीं ती खुडूक होते. पिसें फुलवून जागेवर बसते, हात लावूं देत नाहीं आणि अंडीं घालणें बंद करते. प्रोलॅक्टिन नामक अंतःस्राव वाढल्याचा हा परिणाम. एकवीस दिवस उबविण्याचे आणि पुढें कित्येक आठवडे पिलांचे. लेगहॉर्न पाळणारांनीं पिढ्यान्‌पिढ्या न बसणाऱ्या कोंबड्यांचीच पैदास राखली. म्हणून ती क्वचितच खुडूक होते, आणि झालीच तर पुष्कळदां मध्येंच उठून जाते. अंडीं वाढलीं, परंतु तिचा वंश आतां गांवठी कोंबडीच्या उबेवर किंवा साडेसदतीस अंशांच्या उबवणी यंत्रावर अवलंबून राहिला.

असें असतां खुडूक कोंबडीस पाण्यांत बुचकळणें, तिच्या नाकपुडींत पीस खुपसणें हे अघोरी उपाय अद्यापि कोठें कोठें चालतात. त्यांची गरज नाहीं. जाळीच्या तळाच्या, जमिनीपासून उंच टांगलेल्या हवेशीर पिंजऱ्यांत दाणापाणी देऊन तिला तीनचार दिवस ठेवावें. खूळ आपोआप उतरतें. त्याहून शहाणपणाचें म्हणजे तिच्याखालीं लेगहॉर्नचीं दहाबारा सफळ अंडीं ठेवावीं.

आणखी एक चूक गृहस्थाच्या हातून वारंवार होते. कोंबड्या कमी करावयाच्या झाल्या कीं तो पिवळ्याधमक पायांची, टवटवीत पिसांची कोंबडी राखतो आणि फिक्या पायांची, विटक्या पिसांची सुरीखालीं देतो. वस्तुतः पायांतील व चोंचींतील पिवळा रंग अंड्याच्या बलकांत उतरत असतो. जिनें महिनेन्‌महिने अंडीं दिलीं, तिचेच पाय फिके पडतात. जिनें देणें थांबविलें, तिच्या पायांवर पुन्हां तेज चढतें. म्हणजे घर जिच्या जिवावर चाललें, तीच कुरूप म्हणून मारली जाते. खुराड्याशीं सुरी घेऊन जाण्यापूर्वीं प्रत्येकीचे पाय व चोंच उजेडांत नीट न्याहाळावीं, आणि परसांत लेगहॉर्नबरोबर निदान एक गांवठी कोंबडी आवर्जून ठेवावी.