उदासीवरची जडीबुटी



कवीने उदास असावे, अशी लोकांची समजूत असते. त्यामुळे काही वर्षांपूर्वी माझी झोप उडाली, भूक गेली, लिहिणे थांबले, तेव्हा मानोऱ्यात कुणाला त्यात वावगे वाटले नाही. एका मित्राने बाजारातून अश्वगंधाचे चूर्ण आणले. अम्मीने खमीरे गावजबानची डबी काढली. युनानी वैद्यकात या दुखण्याला ‘मालीखोलिया’ हे जुने नाव आहे. सहा महिने मी चूर्ण आणि चाटण घेत राहिलो.

मग वनस्पतींत काही तथ्यच नाही का? आहे. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधाने रक्तदाब उतरतो, हे ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले. पुढे तिच्यातले रेझर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना नैराश्य आल्याच्या नोंदी झाल्या. मुळी मनापर्यंत पोहोचते, पण तारते की मारते, हे तपासावे लागते.

सर्वांत जास्त तपासणी झाली ती पिवळ्या फुलांच्या ‘सेंट जॉन्स वर्ट’ची. २००८ च्या कॉक्रेन आढाव्यात २९ चाचण्या आणि ५,४८९ रुग्ण होते. त्याचा अर्क नकली गोळीपेक्षा सरस आणि नेहमीच्या औषधांच्या तोडीचा ठरला, त्रासही कमी. मात्र जर्मन भाषक देशांतले निकाल इतरांपेक्षा अधिक अनुकूल होते. शिवाय या अर्काने गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि रक्त पातळ करणाऱ्या वारफारिनचा असर घटतो. नैराश्याच्या गोळ्यांसोबत तो घेणे धोक्याचे. केशर आणि हळदीतले करक्युमिन यांचे निकाल आशादायक आहेत, पण चाचण्या लहान. अश्वगंधाचा पुरावा मुख्यतः ताण आणि झोपेबाबत आहे. क्वचित यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत.

शेवटी मुलगी म्हणाली, “अब्बा, चूर्ण राहू द्या, डॉक्टरकडे चला.” गोळ्या आणि बोलणे, दोन्हींनी हळूहळू फरक पडला. दोष अश्वगंधाचा नव्हता. मी वाया घालवलेल्या सहा महिन्यांचा होता.

आपला वाशीम जिल्हा शेतकरी आत्महत्यांनी पोळलेला. इथे सहा महिने फार मोठे असतात. घरात कुणी गप्प झाले, तर पुडी बांधून देण्याआधी त्याच्याजवळ बसा. काढा घेत असेल, तर डॉक्टरांना तेही सांगा. चालू गोळ्या मनाने बंद करू देऊ नका. १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर मोफत बोलता येते, मराठीतही.

माझी लेखणी परत चालते आहे. उदास कविता लिहायलाही माणूस बरा असावा लागतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)