लकवा गेलेला हात पुन्हा शिकतो
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चार बायकांपुढे उभे राहून बोलण्याचा हा पहिलाच प्रसंग. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या घरी घडले तेच सांगा." म्हणून उभी राहिले. चूकभूल पदरात घ्यावी.

दोन वर्षांपूर्वी, ऐन रोवणीच्या दिवसांत, आमच्या घरच्यांना लकवा झाला. हे राइस मिलमध्ये काट्यावर होते. सकाळी चहाचा कप हातातून गळाला, तोंड वाकडे झाले, शब्द उमटेना. आम्हाला वाटले, वारे लागले. लसणाच्या तेलाने चोळण्यात दुपार गेली. दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता. जीव वाचला, पुढे पायही चालू लागला. उजवा हात मात्र लाकडासारखा पडून राहिला.

मग मुलाला मोबाइलवर कळले की डोक्याला चीर न देता, बाहेरूनच चुंबकाने किंवा विजेने मेंदू जागा करण्याचा उपचार निघाला आहे. मोठ्या शहरातल्या एका दवाखान्याने रक्कम सांगितली. ती ऐकून मी पाटल्या मोडायला काढल्या. हे काही बोलले नाहीत. नुसते त्या हाताकडे पाहत राहिले.

ह्यांना व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना मी विचारले. त्या म्हणाल्या, "पाटल्या तुमच्या आहेत. पण आधी समजून घ्या."

त्यांनी सांगितले ते असे. आपला उजवा हात मेंदूचा डावा भाग चालवतो. रक्त अडले की तिथला तुकडा मरतो. तो कोणत्याही यंत्राने जिवंत होत नाही. पण शेजारचा भाग त्याचे काम हळूहळू शिकू शकतो. १९८५ साली इंग्लंडातल्या शेफील्ड गावी बार्कर नावाच्या शास्त्रज्ञाने व त्यांच्या सोबत्यांनी डोक्यावर तारेचे वेटोळे धरून चुंबकाचा झटका दिला, तेव्हा पलीकडच्या बाजूचा हात आपोआप हलला. दुसरी रीत अगदी सौम्य विजेची: मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्याला लावून वीसेक मिनिटे बसायचे. दोन्हींत भूल लागत नाही.

मग गुण येतो का? अमेरिकेत बारा ठिकाणी १९९ रोग्यांवर चुंबकाची परीक्षा झाली. तिचा निकाल २०१८ साली छापून आला. काहींना खरे यंत्र लावले, काहींना नुसते दाखवायचे. हाताचा सराव मात्र दोघांकडूनही सहा आठवडे करून घेतला. सहा महिन्यांनी पाहिले, तर खऱ्या यंत्राच्या गटात शंभरात ६७ जणांचा हात सुधारला होता, आणि खोट्याच्या गटात ६५ जणांचा! काही लहान परीक्षांत यंत्राचा उपयोग दिसला आहे, म्हणून शोध चालूच आहे. पण यंत्र लावले की हात उठला, असे कोणी सांगू नये.

मी शेतकऱ्याची लेक. मला हे असे समजले: यंत्र म्हणजे फार तर चिखलणी. बांधीत चिखल कितीही चांगला झाला, तरी परे रोवले नाहीत तर धान कुठून येणार? रोवणी म्हणजे सराव.

पाटल्या परत डब्यात ठेवल्या आणि घरीच रोवणी मांडली. बाईंच्या सांगण्यावरून ह्यांचा डावा हात रोज थोडा वेळ पंचाने कमरेशी बांधायचा आणि उजव्याने सुपातले धान चिमटीने उचलून वाटीत टाकायचे. पहिला महिना एक दाणाही उचलला गेला नाही. एकदा ह्यांनी सूपच उलथून टाकले. मी दाणे वेचत रडले आणि दुसऱ्या दिवशी सूप पुन्हा पुढे ठेवले. अडीच महिन्यांनी तीन दाणे वाटीत पडले.

हात पूर्वीसारखा झाला, असे मी म्हणणार नाही. सही अजून जमत नाही. पण यंदा तान्ह्या पोळ्याला नातवाच्या लाकडी बैलाची दोरी ह्यांनी उजव्या हाताने धरली.

भगिनींनो, कोणाच्या घरी असा प्रसंग आला आणि असा उपचार सुचवला, तर तीन गोष्टी विचारा. यंत्र लावल्यावर हाताचा सराव करून घेणार का? गुण किती दिवसांत पाहणार, आणि नाही आला तर थांबणार का? आणि डोक्यात धातूचा तुकडा, हृदयाजवळ बसवलेले यंत्र किंवा फिटचा आजार आहे का, हे त्यांनी आपल्याला विचारले का? ज्याने हे विचारले नाही, त्याच्या हाती डोके देऊ नका. विजेचे घरगुती प्रयोग तर मुळीच नकोत.

आणि तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोबडी वळली, तर तेल शोधू नका, १०८ला फोन करा. गुठळी विरघळवणारे औषध सहसा साडेचार तासांच्या आतच देतात. ती दुपार मी चोळण्यात घालवली. तुम्ही घालवू नका.